नकाशा सगळ्यांच्या हातात: गटाने डोंगर चढण्याच्या रीती आणि नकाशा वाचायची सवय

मुंबईहून रविवारी पहाटेच्या कर्जत किंवा कसारा लोकलने निघालेल्या बहुतेक गटांत वाट एकालाच ठाऊक असते. बाकीचे दहा-बाराजण त्याच्या पाठीवरची सॅक बघत चालतात. त्याचा फोन ओढ्यात पडला, त्याचा पाय मुरगळला किंवा धुक्यात तो शंभर पावलं पुढे निघून गेला की मागे राहिलेल्यांना आपण कुठल्या सोंडेवर, म्हणजे डोंगराच्या उतरत्या धारेवर आहोत आणि पाण्याची बाजू कुठली, हेसुद्धा सांगता येत नाही. सह्याद्रीत गट अडकतात ते बहुतेक वेळा अशा साध्या कारणाने.

म्हणून गटाची शिस्त आणि नकाशावाचन या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. जो गट फाट्यावर थांबत नाही, त्याला नकाशा एकत्र बघायला वेळच मिळत नाही. आणि ज्याला नकाशातलं काही कळत नाही, तो फाट्यावर थांबायचा कंटाळा करतो.

नकाशा कुठला, किती प्रती

भारतीय सर्वेक्षण विभाग, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडिया, १७६७ पासून नकाशे करतो. आपल्या कामाचा नकाशा म्हणजे १:५०,००० प्रमाणाची टोपोशीट, जमिनीचा चढउतार दाखवणारा कागद. विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की ओपन सीरीजचे नकाशे पीडीएफमध्ये उतरवून घेता येतात. या प्रमाणात नकाशावरचा १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर, २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. एवढं एक सगळ्यांच्या तोंडी बसलं पाहिजे.

शीट कुठली घ्यायची हे आधी बघा. जुन्या क्रमांकांनुसार नेरळ ४७ई/८ वर येतं आणि कर्जत ४७एफ/५ वर, कारण १९ उत्तर अक्षांशाची रेषा या दोन स्टेशनांच्या मधून जाते. नवीन ओपन सीरीजचे क्रमांक ई४३ ने सुरू होतात, पण चौकटी त्याच आहेत. माथेरानच्या आसपास फिरायचं तर दोन्ही शीटा लागतात. वाट नेमकी कागदाच्या कडेवर संपते आणि पुढचा कागद घरी राहिलेला असतो, असं नेहमी होतं. दोन्ही पीडीएफ घेऊन आपल्या वाटेभोवतीचा तुकडा जोडून एकाच ए३ कागदावर छापा. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद ठेवा, नाहीतर प्रमाण बदलतं. छापून झाल्यावर नकाशावरची मोजपट्टी खऱ्या पट्टीने मोजा. १ किलोमीटर बरोबर २ सेंटिमीटर आलं पाहिजे.

दर दोन माणसांमागे एक प्रत हवी. बाराजणांचा गट असेल तर सहा प्रती, शिवाय एक शेवटच्या माणसाच्या सॅकमध्ये राखीव. पावसाळ्यात प्रत झिपच्या पारदर्शक पिशवीत घाला. लॅमिनेशन करू नका, त्याला घडी पडत नाही आणि त्यावर पेन्सिल चालत नाही.

फोन अवश्य ठेवा. नेटवर्क नसलं तरी फोनचं जीपीएस चालतं, त्यामुळे ओस्मअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्ससारख्या अॅपमध्ये त्या भागाचा नकाशा घरीच उतरवून घ्या आणि चढायला लागलात की फोन फ्लाइट मोडवर टाका. नेटवर्क शोधण्यातच बॅटरी जाते. मात्र कुणीतरी दिलेला ट्रॅक हा एका माणसाने एका दिवशी चाललेला रस्ता असतो. तो जानेवारीत कोरड्या ओढ्यातून गेला असेल तर जुलैत त्याच रेषेवर कमरेएवढं पाणी असतं.

टोपोशीटची एक खोड ध्यानात ठेवा: मूळ सर्वेक्षण जुनं असतं. नवीन धरणं, खाणी, डांबरी रस्ते, वीजवाहिन्या त्यावर नसू शकतात, आणि दाखवलेली पायवाट कारवीच्या झुडपांत हरवलेली असू शकते. माणसाने केलेल्या गोष्टी बदलतात, डोंगराचा आकार बदलत नाही. म्हणून वाटेच्या लाल तुटक रेषेपेक्षा उंचीच्या तपकिरी रेषांवर जास्त भरवसा ठेवा.

रेषांमधून डोंगर बघणं

समान उंचीच्या जागा जोडणारी रेषा म्हणजे समोच्च रेषा. आपण सगळे तिला कंटूरच म्हणतो. १:५०,००० च्या शीटवर दोन कंटूरमध्ये २० मीटर उंचीचा फरक असतो आणि दर पाचवी रेषा जाड असते, म्हणजे जाड रेषेपासून जाड रेषेपर्यंत १०० मीटर.

नव्या माणसाला हे शिकवायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे त्याची स्वतःची मूठ. डाव्या हाताची मूठ आवळा आणि बॉलपेनने पेराच्या हाडांभोवती एकात एक वर्तुळं काढा. प्रत्येक हाडाचा उंचवटा म्हणजे शिखर. दोन उंचवट्यांमधला खोलगट भाग म्हणजे खिंड. बोटं खाली उतरतात त्या सोंडा, दोन बोटांमधली फट ती नाळ. आता मूठ उघडा आणि तळहात टेबलावर पालथा टेका: हातावर काढलेल्या रेषा सपाट पसरतात. नकाशात डोंगराचं असंच होतं. लोकलच्या सीटवर पाच मिनिटांत हे होतं आणि विसरलं जात नाही.

आपल्या भाषेत डोंगराच्या प्रत्येक अवयवाला नाव आहे. ती नावं कंटूरच्या आकारांना लावली की नकाशा आपोआप बोलू लागतो:

सोंड किंवा दांड: रेषा कमी उंचीकडे टोक काढतात. चढायला बहुतेक जुन्या वाटा सोंडेवरूनच असतात, कारण तिथे दगड अंगावर येत नाहीत आणि दोन्ही बाजू दिसतात.

नाळ, घळ, ओढा: रेषांचं टोक जास्त उंचीकडे असतं. सोंड आणि नाळ यांत गोंधळ होतोच. अशा वेळी कंटूरवरचे आकडे वाचा. आकडा सापडत नसेल तर ओढ्याची रेषा शोधा, पाणी नाळेतूनच वाहतं. इथे आणखी एक बारकावा आहे. टोपोशीटवर बारमाही पाणी निळं असतं आणि फक्त पावसाळ्यात वाहणारे ओढे काळ्या रेषेत असतात. आपण सर्वात जास्त फिरतो ते पावसाळ्यातच, तेव्हा प्रत्येक काळा ओढा निळा समजून चाला.

खिंड: दोन बाजूंना बंद वर्तुळं आणि मध्ये डमरूच्या कमरेसारखी जागा. घाटवाटा इथूनच पलीकडे उतरतात.

माची आणि पठार: रेषा एकदम विरळ होतात.

कडा: रेषा इतक्या दाट की एकमेकींना चिकटल्यासारख्या. सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला बेसाल्टचा डोंगर आहे, म्हणून त्याची बाजू पायऱ्यापायऱ्यांची असते: कडा, सपाटी, पुन्हा कडा. नकाशावर हे दाट पट्टा, विरळ पट्टा, दाट पट्टा असं स्पष्ट दिसतं. राजमाचीसारख्या किल्ल्यावर तो विरळ पट्टा म्हणजे माची, आणि तिच्या वर बंद वर्तुळांत उभे आहेत ते श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले.

उताराचा अंदाज पट्टीने घ्या. दोन जाड रेषांमध्ये नकाशावर १ सेंटिमीटर अंतर असेल तर उतार साधारण ११ अंश, गप्पा मारत चढता येतो. ४ मिलिमीटर असेल तर सुमारे २७ अंश, दम लागतो. २ मिलिमीटर म्हणजे ४५ अंश, तिथे हात टेकावे लागतात आणि ओल्या गवतावर घसरण नक्की.

आणि जिथे जाणकारसुद्धा फसतात ते हे: २० मीटरपेक्षा कमी उंचीचा कडा दोन कंटूरच्या मध्ये लपून राहू शकतो. १५ मीटरचा सरळ रॉकपॅच, म्हणजे उभ्या खडकाचा टप्पा, नकाशावर नुसता ‘जरा चढ’ दिसेल. १५ मीटर म्हणजे पाच मजली इमारत. म्हणून ‘नकाशावर कडा नाही, चला उतरू’ हा निर्णय कधीच घेऊ नये.

वाटेचे टप्पे पाडणं

घरी बसून वाटेचे पाच-सहा टप्पे पाडा. टप्पा अशा जागी संपवा जी धुक्यातही ओळखू येईल: ओढा ओलांडणं, खिंड, वाडी, सोंडेचा माथा, पाण्याचं टाकं. ‘मोठं झाड’ किंवा ‘पांढरा बाण’ ही टप्प्याची खूण होत नाही. प्रत्येक टप्प्यासाठी कागदावर चार गोष्टी लिहा: अंतर, चढ किंवा उतार मीटरमध्ये, लागणारा वेळ, आणि चुकून पुढे गेलो तर काय लागेल. ही चौथी गोष्ट फार थोडे लोक लिहितात. उदाहरणार्थ: ‘खिंडीतून डावीकडे वळायचं. वळण चुकलं तर वाट उतरायला लागेल आणि ओढ्याचा आवाज येईल. ओढा आला की परत.’

वेळेसाठी १८९२ पासून वापरात असलेला नेस्मिथचा नियम आहे: तासाला ५ किलोमीटर, शिवाय दर ६०० मीटर चढाईला एक तास जास्त. हा नियम सरावाच्या माणसाचा, चांगल्या हवेतला आणि न थांबता चालण्याचा. मुंबईच्या मिश्र गटासाठी तासाला ३ किलोमीटर आणि दर ३०० मीटर चढाईला एक तास धरा. समजा अंतर ६ किलोमीटर आणि चढ ५०० मीटर आहे. नेस्मिथप्रमाणे दोन तास होतात. आपल्या हिशोबाने २ तास अधिक १ तास ४० मिनिटं, म्हणजे ३ तास ४० मिनिटं. पहिला आकडा धरून निघालेला गट उतरताना अंधारात सापडतो.

यावरून परत फिरण्याची वेळ ठरवा आणि ती सगळ्यांना निघण्याआधी सांगा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, झाडीत त्याच्या अर्धा तास आधीच दिसेनासं होतं. ‘दीड वाजता जिथे असू तिथून मागे’ असं ठरलं असेल तर शिखर दहा मिनिटांवर असलं तरी मागे. ही वेळ डोंगरावर गेल्यावर वाद घालून बदलायची नसते.

लोकलमधला तास

कर्जत लोकलचा प्रवास नकाशा शिकवायला उत्तम आहे. आदल्या दिवशी डबा ठरवा, कुठल्या बाजूने कितवा ते नक्की लिहून कळवा, आणि उजव्या खिडकीजवळ बसा. नकाशा मांडीवर उघडा. होकायंत्र इथे काढू नका, लोखंडी डब्यात सुई भलतीकडेच बघते. त्याऐवजी नकाशावरची रेल्वेरेषा गाडीच्या दिशेला समांतर करा. कर्जत पुढे, कल्याण मागे. नकाशा असा जमिनीशी जुळवला की त्यावरचं उजवीकडचं खिडकीतही उजवीकडेच दिसतं. अक्षरं उलटी वाचावी लागली तरी चालेल.

आता वांगणी गेलं की उजवीकडे चंदेरीचा किल्ला शोधायला सांगा, नेरळच्या आधी पेबचा, आणि नेरळपासून माथेरानचा लांबलचक सपाट माथा. माथेरानची कड नकाशावर दाट पट्ट्यात आणि माथा विरळ रेषांत कसा दिसतो, हे तिथेच डोळ्यांनी ताडून बघता येतं. नवख्या माणसाला आधी नकाशावर बोट ठेवायला लावा, मग खिडकीबाहेर बघायला. उलट केलं तर तो दिसणाऱ्या डोंगराला नकाशावर कुठेतरी बसवतो. वाट चुकलेली माणसं नेमकं हेच करतात.

चालायची रीत

गट बारा ते पंधराचा ठेवा. त्याहून मोठा असेल तर दोन स्वतंत्र गट करा, दोघांना वेगळा प्रमुख, वेगळा नकाशा, वेगळी प्रथमोपचार पेटी. पुढे वाट शोधणारी जोडी, शेवटी अनुभवी माणूस. शेवटच्याच्या पुढे सगळे असतात, मागे कुणी नसतं. त्यामुळे प्रथमोपचाराची पेटी, राखीव टॉर्च आणि शिट्टी त्याच्याकडे. दुखापत झालेला माणूस मागेच पडतो, पुढे जात नाही. पुढच्याकडे पेटी असेल तर ती डोंगर उतरून परत आणावी लागते.

चाल सगळ्यात हळू चालणाऱ्याची. त्याला पहिल्या तीन-चार जणांत घ्या, शेवटी ठेवू नका. शेवटी असला की गट थांबलेला असताना तो पोचतो आणि तो पोचताच बाकीचे उठतात. म्हणजे ज्याला विश्रांती सर्वात जास्त हवी त्यालाच ती मिळत नाही. थांबल्यावर वेळ मोजायची ती शेवटचा माणूस बसल्यापासून.

फाट्याचा नियम सर्वात महत्त्वाचा. वाटेला फाटा फुटला, ओढा ओलांडला किंवा वाट एकदम वळली की प्रत्येकाने आपल्या मागच्याला ते वळण घेताना बघूनच पुढे जायचं. हाक मारून ‘हो, आलोच’ ऐकणं पुरेसं नाही. धुक्यात आवाजाची दिशा कळत नाही. हा एक नियम पाळला तर गटातला माणूस सहसा हरवत नाही. दर टप्प्याला मोजणी करा: प्रत्येकाला पहाटे एक आकडा द्या आणि आकडे क्रमाने ओरडायला लावा. प्रमुखाने नुसती डोकी मोजली तर दुसऱ्या गटातला माणूसही मोजला जातो. गर्दीच्या रविवारी कळसूबाईवर हे सहज होतं.

लघवीला थांबणाऱ्याने सॅक वाटेवरच ठेवून जावं, म्हणजे शेवटच्या माणसाला कुणीतरी बाजूला गेलंय हे कळतं.

अरुंद वाटेवर चढणाऱ्याला आधी जाऊ द्या. डोक्यावर मोळी किंवा हंडा घेतलेल्या माणसाला आणि गुरांना मात्र दोन्ही दिशांनी वाट द्यायची, आणि उभं राहायचं ते डोंगराच्या बाजूला, दरीच्या नाही. दगड निसटला तर तो आपल्या पायाखालचा असो वा दुसऱ्याच्या, लगेच ‘दगड!’ एवढंच मोठ्याने ओरडा. ‘जरा सांभाळा, वरून काहीतरी येतंय’ हे पूर्ण होईपर्यंत दगड पोचलेला असतो. रॉकपॅचवर आणि नाळेत एका वेळी एकच माणूस. बाकीचे दगडाच्या रेषेतून बाजूला.

स्पीकर नको. तो ओढ्याचा आणि शिट्टीचा आवाज झाकतो, आणि कड्यांना आग्या मोहोळ असतं. मोहोळाखाली धूर, अत्तर, बॉडी स्प्रे आणि आरडाओरडा टाळा. माश्या उठल्याच तर हातवारे न करता डोकं-चेहरा कपड्याने झाकून झाडीकडे सरका. मात्र कड्याच्या दिशेने धावू नका.

नकाशा फिरता ठेवणं

ही या लेखातली मुख्य गोष्ट. प्रत्येक टप्प्याला वेगळी जोडी पुढे. एक जरा जाणता, एक नवा, आणि नकाशा नव्याच्या हातात. प्रमुख तिसरा चालतो आणि गप्प बसतो. हे सोपं नाही. जाणत्या माणसाला चूक दिसली की जीभ आवरत नाही. पण त्याने दर वेळी ‘अरे, डावीकडे’ म्हटलं की बाकीचे नकाशा बघणं सोडून त्याच्या तोंडाकडे बघू लागतात.

हातातला नकाशा असा धरायचा: वाटेभोवतीच्या ५–६ किलोमीटरच्या भागाएवढी घडी, जमिनीशी जुळवलेला, आणि अंगठ्याचं टोक आपण शेवटचे नक्की जिथे होतो त्या जागेवर. पुढे सरकलो की अंगठा सरकतो. थांबलात, पाणी प्यायलात, फोटो काढलात तरी अंगठा जागेवर. नकाशा खिशात गेला आणि पाऊण तासाने बाहेर आला की पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागतं.

टप्पा संपला की जोडीने सगळ्यांना ऐकू जाईल असं चार प्रश्नांचं उत्तर द्यायचं:

१. आपण कुठे आहोत?
२. कशावरून? (निदान दोन खुणा: एक आकाराची, एक दिशेची किंवा उंचीची.)
३. पुढे काय काय लागेल, कुठल्या क्रमाने?
४. ते लागलं नाही तर काय करायचं?

दुसऱ्या प्रश्नावर अडून राहा. ‘इथेच असणार’ हे उत्तर नाही. ‘उजवीकडे नाळ आहे, सोंड उत्तरेला उतरतेय आणि ओढा ओलांडल्याला वीस मिनिटं झाली’ हे उत्तर आहे. बाकीच्या जोड्यांनी आपापल्या प्रतीवर ताडून बघावं आणि पटत नसेल तर तिथेच बोलावं. वयाने मोठे, गटातले जुने किंवा जोराने बोलणारे यांनी शेवटी बोलायचं. आधी त्यांनी मत दिलं की नवा माणूस आपली शंका गिळतो, आणि पुष्कळदा तीच बरोबर असते.

जोडी चुकीच्या वाटेला लागली तर किती वेळ जाऊ द्यायचं? रुंद सोंडेवर, उजेड भरपूर असताना, दहा मिनिटं. कड्याजवळ, ओढ्यात, अंधार पडताना किंवा गट दमलेला असताना एक मिनिटसुद्धा नाही. थांबवताना नकाशा हातातून ओढून घेऊ नका. ‘नकाशाप्रमाणे आता चढ लागायला हवा होता ना, आपण उतरतोय का?’ एवढा प्रश्न पुरतो. चूक त्यालाच सापडू द्या. चुकीवर हसणारा कुणी असेल तर त्याला तिथेच थांबवा, कारण ज्याला हसलं गेलं तो पुढच्या वेळी नकाशा हातात घेत नाही.

अंतराचा अंदाज पावलांनी येतो. उजवं पाऊल पडेल तेव्हाच मोजा. सपाटीवर १०० मीटरला बहुतेकांची ६० ते ७० मोजणी होते, चढावर बरीच जास्त. आपापला आकडा मैदानात मोजून काढा आणि नकाशाच्या कोपऱ्यात लिहा.

होकायंत्र: तीन हालचाली

पारदर्शक पट्टीवर बसवलेलं, डायल फिरणारं होकायंत्र घ्या. फोनमधलं होकायंत्र वारंवार जुळवावं लागतं.

१. पट्टीची लांब कड नकाशावर ‘आपण’ ते ‘जायची जागा’ अशी ठेवा. पट्टीवरचा दिशाबाण जायच्या जागेकडे.
२. पट्टी हलू न देता डायल फिरवा. डायलमधल्या बारीक रेषा नकाशाच्या उभ्या रेषांना समांतर आणि डायलवरची उत्तर नकाशाच्या उत्तरेकडे.
३. होकायंत्र नकाशावरून उचला, छातीसमोर आडवं धरा आणि स्वतः गोल फिरा, सुईचं लाल टोक डायलमधल्या उत्तरेच्या बाणात बसेपर्यंत. आता दिशाबाण दाखवतो तिकडे जायचं.

चुका दोनच होतात. डायलची उत्तर दक्षिणेकडे ठेवली जाते आणि माणूस नेमका उलटा चालतो. म्हणून चालायच्या आधी सूर्य किंवा ओळखीचा डोंगर बघून दिशा पटते का ते तपासा. दुसरी म्हणजे चुंबकाची झडप असलेलं फोनचं कव्हर, पॉवरबँक किंवा स्टीलची बाटली सुईजवळ असते. बेसाल्टमध्ये लोहयुक्त खनिज असल्याने खडकावर टेकवलेलं होकायंत्रही बिचकतं. हातात धरा आणि पाच पावलं सरकून पुन्हा बघा.

मुंबईच्या आसपास खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांत एका अंशापेक्षा कमी फरक आहे. एक अंशाची चूक किलोमीटरला १७ मीटर होते, आपल्या वाटांना ती चालते. त्यामुळे इथे दुरुस्तीचा हिशोब करत बसू नका.

वाट हरवली असं वाटलं की

शंका आली की थांबा आणि तोंडाने म्हणा: ‘मला आपण कुठे आहोत ते नक्की सांगता येत नाहीये.’ हे वाक्य बोलायला उशीर होतो म्हणूनच छोटी चूक मोठी होते. सगळे एकत्र बसा, पाणी प्या. शेवटची नक्की जागा कुठली आणि तिथून किती मिनिटं चाललो ते बघा. बहुतेक वेळा तिथपर्यंत परत जाणं हाच सर्वात जवळचा मार्ग असतो. वाट शोधायला दोघांनी जायचं, दहा मिनिटं पुढे आणि दहा मिनिटं मागे, शिट्टीच्या टप्प्यात. एकट्याने नाही.

ढोरवाटा फार फसवतात. त्या चांगल्या मळलेल्या असतात, पण गुरं पाण्याकडे किंवा चराईकडे जातात, किल्ल्यावर नाही. वाट कारवीत पसरून पाच-सहा पट्ट्यांत फुटली, डोक्याच्या उंचीवर फांद्या आडव्या येऊ लागल्या, शेण दिसतं पण चपलेचा ठसा नाही, तर ती ढोरवाट समजा.

‘ओढ्याने खाली गेलो की गाव लागतंच’ हा सल्ला सह्याद्रीत जीवघेणा आहे. पायऱ्यापायऱ्यांच्या डोंगरात ओढा प्रत्येक कड्यावरून धबधबा होऊन पडतो. मागे चढता येत नाही, पुढे उतरता येत नाही. उतरायचं तर सोंडेने. आणि पावसाळ्यात ओढ्याचं पाणी गढूळ झालं, काटक्या वाहू लागल्या, आवाज बदलला, तर वर जोराचा पाऊस झालाय. लगेच काठ चढा. गुडघ्याच्या वर वाहतं पाणी ओलांडू नका. बसून राहिलात तर पाऊस थांबल्यावर पुष्कळदा दोन-तीन तासांत पाणी उतरतं.

मदतीची खूण: मिनिटात सहा वेळा शिट्टी किंवा टॉर्च, मग एक मिनिट थांबा, पुन्हा सहा. उत्तर म्हणून मिनिटाला तीन येतात. फोन लागला तर ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा क्रमांक निघण्याआधी बघून प्रत्येक नकाशाच्या मागे लिहून ठेवा. फोनवर आधी अक्षांश-रेखांश सांगा, मग जवळचं गाव, मग दुखापत. बोलणं मध्येच तुटलं तरी जागा पोचलेली असते.

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. सतत पाऊस चालू असताना तीव्र उताराखाली तंबू ठोकू नये, आणि हवामान खात्याचा लाल किंवा नारंगी इशारा असेल त्या दिवशी निघूच नये. जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेशही आदल्या संध्याकाळी बघून घ्या.

वाडीत

पायथ्याच्या ठाकर, कातकरी, महादेव कोळी वस्त्यांमधल्या माणसांना डोंगर पाठ असतो. वाट विचारायची पद्धत मात्र हवी. ‘मामा, ही वाट वरच जाते ना?’ असं विचारलं की पाहुण्याचं मन मोडायचं नाही म्हणून ‘हो हो’ येतं. ‘मावशी, राजमाचीला कुठनं जायचं?’ असं विचारा आणि त्यांना हात दाखवू द्या. मग: ओढा कुठल्या हाताला राहतो? मध्ये पाणी कुठे? पावसात तुम्ही कुठल्या वाटेने जाता? मिळालेली उत्तरं नकाशावर पेन्सिलने टाका. ‘अर्ध्या तासाचं आहे’ हे त्यांच्या पायाने. आपल्या गटासाठी दुप्पट धरा.

भातखाचरातून जाताना बांधावरूनच, एका मागे एक. लावणीनंतर बांध मऊ असतो, त्यावर उड्या मारल्या की फुटतो आणि खाचरातलं पाणी निघून जातं. जेवण हवं असेल तर आदल्या दिवशी फोन करून माणसं सांगा, आणि तीनजण गळाले तरी सांगितलेल्या ताटांचे पैसे द्या. भाकऱ्या थापून झालेल्या असतात. पिण्याच्या टाक्यात हात-पाय धुऊ नका, बाटलीही बाहेर पाणी काढून भरा. शौचाला पाण्यापासून निदान ६० मीटर लांब, १५ सेंटिमीटर खोल खड्डा. कागद आणि पॅड पिशवीत घालून मुंबईला परत.

परतीच्या लोकलमध्ये सगळ्यांच्या प्रती एकत्र घ्या. ठरवलेल्या वेळेशेजारी लागलेला खरा वेळ लिहा, कुठली वाट मोडली, कुठे नवा रस्ता झाला, कुठलं टाकं आटलं ते एकाच प्रतीवर शाईने उतरवा आणि खाली तारीख घाला. ती प्रत पुढच्या वेळी जो पहिल्या टप्प्याला पुढे चालणार आहे, त्याच्याकडे द्या.